सदातुरांच्या यादीत वैद्य

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील फलमात्रासिद्धी या अकराव्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूंना एक वेगळाच प्रश्न विचारतो. सदा आतुर, म्हणजे नित्य रोगी राहणारी माणसे कोणती? उत्तरादाखल चार वर्ग सांगितले आहेत: श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि पण्यजीवी. श्रोत्रिय अध्ययन, व्रते आणि आह्निक यांत इतका गुंतलेला असतो की देहाकडे त्याचे लक्षच जात नाही. राजसेवक दुसऱ्याचे चित्त सांभाळण्यात व भयात दिवस काढतो. वेश्येलाही परचित्तानुवर्तन चुकत नाही. पण्यजीवी, म्हणजे व्यापारी, क्रयविक्रयाच्या लोभाने एका जागी बसून राहतो. चौघेही आलेले वेग धरून ठेवतात आणि अवेळी जेवतात. बस्तिचिकित्सेच्या अनुषंगाने हा विषय तेथे आला आहे.

या यादीत वैद्याचे नाव नाही. आजच्या वैद्याची दिनचर्या मात्र या चारही वर्गांच्या दिनचर्येची बेरीज आहे. नवे ग्रंथ, परिषदा आणि नोंदणी-नूतनीकरणाची कागदपत्रे यांत तो श्रोत्रिय. रुग्णाच्या व त्याच्या नातेवाइकांच्या मर्जीत तो राजसेवक. सकाळी दहापासून रात्री साडेनऊपर्यंत प्रसन्न मुद्रा ठेवण्याचे बंधन आहेच. आणि दवाखान्याचे भाडे, सोनोग्राफीवाल्या शेजाऱ्याशी तुलना व कर्जाचा हप्ता यांच्या हिशेबात तो पण्यजीवी. आपले औषधिविक्रेते बंधू तर शब्दशः पण्यजीवीच आहेत. त्यांना यादीत शोधण्याचे श्रमही पडत नाहीत.

गेल्या काही वर्षांत वैद्यबंधू-भगिनी एकत्र जमल्या की औपचारिक विषय संपल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते: “आता नको वाटते.” व्यवसाय चालत नाही म्हणून नव्हे, तर चालतो आहे म्हणून. २०२० व २०२१ या दोन वर्षांत आपल्यातील अनेकांनी कोविड केंद्रांत अहोरात्र काम केले आणि तेथून परतताच दवाखान्याची खुर्ची पुन्हा धरली. मध्ये संसर्जनक्रम झालाच नाही. ज्याने पंचकर्म शिकवले त्या शास्त्राच्या अनुयायांनी स्वतःला मात्र शोधनानंतर थेट पुरणपोळीवर बसवले, असा हा प्रकार.

‘बर्नआउट’ या संज्ञेविषयी

हा शब्द वैद्यकात रूढ केला तो न्यूयॉर्कमधील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ साली. त्यांची पार्श्वभूमी आपल्याला परकी वाटू नये. दिवसा स्वतःचा व्यवसाय करून संध्याकाळनंतर ते एका मोफत दवाखान्यात काम करीत, आणि तेथील ध्येयवादी कार्यकर्ते काही महिन्यांत कसे विझत जातात हे त्यांनी प्रथम त्यांच्यात व स्वतःतही पाहिले. आळशी माणूस या अवस्थेला जात नाही, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. पुढे क्रिस्टिना मास्लॅक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये त्याचे मोजमाप करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत बर्नआउटला स्थान आहे, पण व्याधी म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन, नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून उद्भवणारी व्यावसायिक अवस्था, असे तिचे स्वरूप तेथे सांगितले आहे. तिची तीन अंगे मानली आहेत: शक्ती आटल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी जाणीव.

मराठीला दुसऱ्या अंगासाठी शब्द शोधावा लागत नाही. त्याला आपण ‘पाट्या टाकणे’ म्हणतो. नाडी धरली आहे पण लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे आहे, प्रश्नपरीक्षा दोन प्रश्नांत आटोपली आहे, आणि रुग्णाचे वाक्य पूर्ण होण्याआधी लेखणी चालू झाली आहे, ही ती अवस्था. थकव्याने वैद्याचे स्वतःचे नुकसान होते. पाट्या टाकण्याने मात्र रुग्णाचे होते, आणि म्हणून हा विषय केवळ आपल्या सोयीचा राहत नाही. तीन आठवड्यांचा कास, रात्रीचा ज्वर आणि घटलेले वजन एका वाक्यात सांगणाऱ्या रुग्णाचे ते वाक्य ऐकलेच गेले नाही, तर राजयक्ष्म्याचे निदान महिनाभर मागे पडते.

संहितांनी सांगितलेला हेतू

ओजक्षयाची लक्षणे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात दिली आहेत. भित्रेपणा, दौर्बल्य, सतत चिंता, इंद्रियांची व्यथा, कांतिहानी, दुर्मनस्कता, रूक्षता आणि कृशता ही ती लक्षणे. सुश्रुताचार्य सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात ओजक्षयाची कारणे मोजताना अभिघात व धातुक्षय यांच्या जोडीला कोप, शोक, ध्यान, श्रम आणि क्षुधा यांना बसवतात. येथे ‘ध्यान’ म्हणजे समाधीचा अभ्यास नव्हे, तर एकाच गोष्टीचे सतत चिंतन. रात्री दोन वाजता आठवणारा दुपारचा रुग्ण हा त्या ध्यानाचा विषय.

बर्नआउट म्हणजेच ओजक्षय, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. मी तो टाळते. ओजक्षय हे त्या अवस्थेचे टोक आहे. त्याच्या बरेच अलीकडे अग्निवैषम्य, वातवृद्धी आणि निद्रानाश असतात, आणि बहुतेक वैद्य त्या मुक्कामावरच भेटतात. चिकित्सेच्या दृष्टीने हा भेद करणे आवश्यक आहे. केवळ अग्निवैषम्य असलेल्या व्यक्तीला ओजोवर्धक म्हणून दूध-तूप व लेह यांचा मारा केला तर आम वाढतो, पोट जड होते, आणि “आयुर्वेदाचाही उपयोग झाला नाही” हे वाक्य खुद्द वैद्याच्या तोंडून ऐकावे लागते.

हेतूंच्या दृष्टीने निदानस्थानातील सहावा अध्याय फार बोलका आहे. शोषाची साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन ही चार आयतने तेथे आहेत. साहस म्हणजे आपल्या बलाचा विचार न करता केलेले कर्म. संधारणाचे वर्णन करताना तर आचार्य प्रसंगच उभे करतात. राजाच्या वा स्वामीच्या सन्निध, गुरूंच्या चरणांपाशी, द्यूतसभेत, सज्जनांच्या मेळाव्यात बसलेला मनुष्य भयाने, लज्जेने किंवा प्रसंगात अडकल्यामुळे वात-मूत्र-पुरीषांचे वेग अडवतो. बाहेर बावीस रुग्ण बसलेले असताना खुर्चीतून न उठणारी वैद्यभगिनी या वर्णनात कोठेही बसवता येईल. आपल्यातील किती जणींना वर्षातून दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, याची कोणी नोंद ठेवलेली नाही. आपण परस्परांना मात्र हे सांगत आलो आहोत.

बाजारातील ऊर्जा आणि शास्त्रातील ऊर्जा

थकलेल्या वैद्यांपैकी अनेक जण आज ‘ऊर्जा-उपचारां’कडे वळलेले दिसतात. कोणी रेकीच्या पायऱ्या केल्या, कोणी प्राणिक हीलिंगचे वर्ग केले, कोणी स्फटिक आणले. या पद्धती आपल्या परंपरेतील आहेत असा अनेकांचा समज असतो, म्हणून थोडा इतिहास सांगणे उचित होईल. रेकीचे प्रवर्तक मिकाओ उसुई हे जपानी गृहस्थ होते. त्यांनी १९२२ साली टोकियोत आपली संस्था स्थापन केली, आणि हवायो ताकाता या बाईंनी ही पद्धत हवाई बेटांवर नेल्यावर ती पश्चिमेत पसरली. प्राणिक हीलिंगची आजची मांडणी फिलिपिन्समधील चोआ कोक सुई यांची, तीही १९८० च्या दशकातली. संस्कृत शब्द वापरले म्हणून पद्धत संहितोक्त ठरत नाही.

यांच्या गुणकारितेबद्दल आपण दुसऱ्या शास्त्रांना विचारतो तेच प्रश्न विचारायला हवेत. १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एमिली रोझा या शाळकरी मुलीचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. हातांनी रुग्णाचे ऊर्जाक्षेत्र जाणवते असे सांगणाऱ्या २१ उपचारकांना पडद्याआडून हात पुढे करायला सांगितले, आणि आपल्या कोणत्या हाताजवळ मुलीचा हात आहे हे ओळखायला सांगितले. २८० प्रयत्नांपैकी १२३ बरोबर आले, म्हणजे ४४ टक्के. नाणे उडवूनही याहून वाईट निकाल सहसा लागत नाही. नैराश्य व चिंता यांवरील रेकीचा कॉक्रन आढावा २०१५ मध्ये आला. त्यात निकषांत बसणारे अभ्यास अवघे तीन निघाले, आणि उपयोग होतो किंवा होत नाही असे सांगण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष काढण्यात आला.

तरीही ज्या वैद्यमित्रांना बरे वाटले ते खोटे बोलत नाहीत. काय घडले ते पाहू. पाऊण तास भ्रमणध्वनी बंद होता. शांत खोलीत ते उताणे पडून होते. कोणीतरी त्यांची विचारपूस केली, आणि त्या वेळात त्यांना कोणाचीही विचारपूस करावी लागली नाही. बऱ्याच ठिकाणी हाताचा हलका स्पर्शही होतो. वायूचे आधिक्य स्पर्शनेंद्रियात असून ते त्वचेच्या आश्रयाने राहते, म्हणून अभ्यंग त्वचेस परम हितकर, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगून ठेवले आहे. आरामाचे श्रेय विश्रांतीला, स्पर्शाला आणि ऐकून घेतले जाण्याला देता येते. त्यासाठी अदृश्य प्रवाहाची गरज पडत नाही, आणि या तीनही गोष्टी दोनशे मिली तिळतेलाच्या खर्चात घरी उपलब्ध आहेत.

आणि ‘ऊर्जा’ हाच शब्द हवा असेल तर तो आपल्याकडे नेमक्या जागी आला आहे. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, बाराव्या अध्यायात, उदान वायूची कर्मे सांगताना वाक्प्रवृत्ती, प्रयत्न, ऊर्जा, बल, वर्ण आणि स्मृती असा क्रम दिला आहे. या सूत्राचा व्यवहारातील अर्थ आपण पुरेसा लक्षात घेत नाही असे मला वाटते. बोलणे आणि उत्साह यांची वाट एकच आहे. दिवसाला साठ रुग्णांना पथ्य समजावून सांगणारा वैद्य ज्या वायूने बोलतो, त्याच वायूने त्याला संध्याकाळी घरी जाऊन मुलाचा अभ्यास घ्यायचा असतो. बर्नआउट झालेल्या वैद्याची तक्रार ऐकावी. “घरी गेल्यावर एक शब्द बोलावासा वाटत नाही, नावे आठवत नाहीत, चेहरा उतरला आहे असे सगळे म्हणतात, काही सुरू करण्याची उमेद नाही.” वाणी, स्मृती, वर्ण, प्रयत्न, ऊर्जा: उदानाची कर्मे एकामागून एक क्षीण झालेली दिसतात. निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात उदानप्रकोपाची कारणे म्हणून शिंक, ढेकर, छर्दी आणि निद्रा यांच्या वेगांचे धारण, जड भार वाहणे, अतिरुदन व अतिहास्य हे दिले आहे. रात्रपाळीत निवासी वैद्यकीय अधिकारी आणि दिवसा स्वतःचा दवाखाना, अशी दुहेरी नोकरी करणाऱ्या आपल्या तरुण सहकाऱ्यांचे निद्राधारण याहून वेगळे काय आहे?

एक रुग्णवृत्त

तालुक्याच्या गावी एकोणीस वर्षे एकट्याने व्यवसाय करणारे एक वैद्य, वय ४६, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. प्रकृती पित्तवातप्रधान. पहाटे तीनला जाग, त्यानंतर झोप नाही. आंबट ढेकर, भूक कधी खूप तर कधी मुळीच नाही, दुपारचे जेवण साडेतीनला. सर्वांत शेवटी, उठता उठता ते म्हणाले, “ताई, पेशंट आत आला की मला त्याचा रागच येतो. त्याने काही केलेले नसते.” ऊर्जा-उपचाराच्या दोन पायऱ्या त्यांनी केल्या होत्या. प्रत्येक वेळी दोन-तीन आठवडे बरे वाटले आणि पुन्हा तेच.

प्रथम रक्तदाब, हिमोग्लोबिन, टीएसएच, रक्तशर्करा व बी१२ जीवनसत्त्व यांची तपासणी करून घेतली. बी१२ बरेच कमी निघाले, त्याची पूर्ती केली. हे मुद्दाम लिहिते आहे. पांडू, अवटू ग्रंथीचे विकार, मधुमेह आणि झोपेतील श्वासावरोध ‘थकवा’ या एका शब्दाआड लपतात, आणि वैद्य स्वतःच्या बाबतीत सर्वांत कमी तपासण्या करतो. त्याचप्रमाणे नैराश्य ही निराळी व्याधी आहे. बर्नआउट झालेल्याला सुट्टीत चार दिवस बरे वाटते. ज्याला कशातच रस उरलेला नाही, जो स्वतःला निरुपयोगी किंवा अपराधी समजतो, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला मानसरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, आणि वैद्याने तेथे बोलण्यात कमीपणा नाही. या वैद्यमित्रांना मी तो प्रश्न सरळ विचारला. तसे विचार नव्हते.

निदानपरिवर्जनाला त्यांचा सर्वाधिक विरोध झाला. औषधाला कोणीच विरोध करत नाही. बऱ्याच चर्चेनंतर तीन गोष्टी ठरल्या: नव्या रुग्णांना वेळ देऊन बोलावणे, दुपारी दीड वाजता दार बंद करून जेवणे, आणि रात्री साडेआठनंतर कोणालाही न घेणे. पहिल्या महिन्यात उत्पन्न घटले. तिसऱ्या महिन्यात घट भरून आली, कारण रुग्ण वेळेत येऊ लागले. दर वेळी असे होईलच याची हमी मात्र मी देणार नाही.

औषधोपचारात आधी अग्नी. शुंठीसिद्ध जल आणि लघु आहार आठवडाभर, त्यानंतर पित्ताचा अनुबंध पाहून अविपत्तिकर चूर्णाने मृदू अनुलोमन. मग सर्वांग अभ्यंग, रात्री पादाभ्यंग, आणि सात दिवस क्षीरबला तैलाची शिरोधारा. यानंतर रसायन. मळक्या वस्त्रावर रंग चढत नाही, हा शोधनपूर्व रसायनाबाबतचा दृष्टांत आपण परीक्षेत लिहिला आहे आणि व्यवहारात सर्वाधिक विसरतो. त्यांना यष्टिमधू चूर्ण दुधासह सकाळी आणि अश्वगंधा चूर्ण तीन ग्रॅम दुधासह रात्री दिले. कुटीप्रावेशिक विधी शक्य नव्हता, कारण घराचे हप्ते चालू होते. वातातपिक रसायनाची सोय आचार्यांनी अशांसाठीच केली असावी.

क्रम लक्षणीय होता. झोप तीन आठवड्यांत सुधारली. अम्लोद्गार दीड महिन्यात गेले. रुग्णाचा राग यायचा तो कमी व्हायला चार महिने लागले. वाचनाची गोडी, जी मुळात त्यांची ओळख होती, ती वर्षभराने परतली, आणि तीही पूर्वीइतकी नाही. हे सारे औषधाने झाले की दीड वाजताच्या जेवणाने, हे एका रुग्णवृत्तावरून सांगता येत नाही. मला विचाराल तर अर्ध्याहून अधिक श्रेय मी जेवणाला देईन.

निद्रेविषयी एक गोष्ट येथेच नोंदवते. रात्री जागरण झाले असता त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, काही खाण्यापूर्वी झोपावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. रात्रपाळीवाल्या तरुण वैद्यांना हा नियम जसाच्या तसा पाळता येतो. सहा तास जागरण, तर तीन तास झोप, आणि न्याहारी त्यानंतर. प्रत्यक्षात ते पाळी संपताच वडापाव-चहा घेऊन झोपतात आणि मग अम्लपित्ताचे औषध मागतात. स्वतःच्या हाताने झोपेची गोळी लिहून घेणे हा याहून अधिक धोक्याचा मार्ग आहे, आणि तो आपल्या व्यवसायात चालू आहे हे आपण जाणतो.

श्वासाच्या अभ्यासाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहिले जाते. इतकेच सांगते की २००१ साली इटलीतील बेर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपमाळेची प्रार्थना आणि मंत्रजप यांचा अभ्यास केला. दोहोंमुळे श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयगती व रक्तदाब यांच्या लयी सुसंगत होतात असे त्यांना आढळले. दोन रुग्णांमध्ये दोन मिनिटे भ्रामरी करणे ज्यांना जमते त्यांनी करावे. मला स्वतःला त्या दोन मिनिटांत गप्प बसणे अधिक मानवते. उदानाला तेही पुरते.

उपेक्षेचा अर्थ

या सर्वांहून मला महत्त्वाचे वाटते ते सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायातील वैद्यवृत्तीचे चतुष्टय. सर्वांशी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णांविषयी प्रीती, आणि जे प्रकृतिस्थ झाले, म्हणजे ज्यांचा अंत जवळ आला, अशांविषयी उपेक्षा. योगसूत्रांतील मैत्री-करुणा-मुदिता-उपेक्षा हे चतुष्टय याच्या जवळचे आहे, पण चरकाचार्यांनी ते दवाखान्यात आणून ठेवले. पहिल्या तिन्हींवर आपण भाषणे करतो. चौथीचा अर्थ मराठीत बिघडला आहे, कारण आज ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष. उप आणि ईक्ष्, जवळून पाहणे, हा धात्वर्थ ध्यानात घेतला तर चित्र बदलते. वैद्य तेथेच आहे, पाहतो आहे, आणि परिणाम आपल्या हातात नाही हे त्याला माहीत आहे.

पाट्या टाकणारा वैद्य बाहेरून असाच शांत दिसतो, म्हणून दोहोंत गल्लत होते. खूण सोपी आहे. उपेक्षा असाध्य रुग्णापुरती असते, आणि तिच्यानंतर आत येणाऱ्या साध्य रुग्णासाठी प्रीती शिल्लक राहते. बर्नआउटमध्ये सर्व रुग्ण एकाच रंगाचे दिसू लागतात. किंबहुना चौथी वृत्ती वेळीच न आल्यामुळे पहिल्या तीन जळून जातात असे माझे मत झाले आहे. ज्या वैद्याला प्रत्येक मधुमेही बरा करायचा असतो, प्रत्येक संधिवाताच्या रुग्णाची गोळी सोडवायची असते, तो दहा वर्षांत कडवट होतो. साध्यासाध्यतेचा विचार आपण रुग्णाच्या हिताचा म्हणून शिकलो. वैद्याच्या हिताचाही तो तितकाच आहे. पहिल्याच भेटीत “हे याप्य आहे, आपण ते आटोक्यात ठेवू” असे सांगणारा वैद्य रात्री झोपू शकतो.

आचाररसायनातील काही पदे यास जोडून पाहण्यासारखी आहेत. त्यात सत्यवादित्व, अक्रोध व दान आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीला अनायास, म्हणजे अतिश्रम न करणे, आणि जागरण व निद्रा यांचा समतोल हेही आहे. ध्येयवादी वैद्य पहिली पदे पाळतो आणि शेवटची दोन सोडतो. यादी निवडून पाळण्याची सवलत आचार्यांनी दिलेली नाही.

औषधिविक्रेत्यांसाठी

“ताकदीचे काहीतरी द्या” ही मागणी आपल्या दुकानात दिवसाकाठी अनेकदा येते. मागणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत: झोप किती, वजन घटले का, दुसरी औषधे कोणती चालू आहेत. वजन घटत असेल तर बाटली न देता वैद्याकडे पाठवावे. अश्वगंधेबाबत हल्ली विशेष जागरूकता हवी. अवटू ग्रंथीची औषधे किंवा झोपेची औषधे घेणारे, गर्भवती, आणि यकृतविकाराचा पूर्वेतिहास असणारे यांना ती परस्पर देऊ नये. अश्वगंधायुक्त उत्पादनांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आल्या आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. बंदीचा निर्णय पटो वा न पटो, नोंदी वाचायला हव्यात. ‘ब्राह्मी’ या नावाने बाजारात कधी जलब्राह्मी तर कधी मंडूकपर्णी येते. बिलावर वनस्पतिशास्त्रीय नाव मागण्याचा आग्रह धरावा. जटामांसी निसर्गातून दुर्मीळ झाली आहे, तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे, आणि स्वस्तात मिळणारी जटामांसी शंकास्पदच समजावी.

‘अभिमंत्रित’ स्फटिक, ऊर्जा-कंकणे आणि तत्सम वस्तू काउंटरवर ठेवण्याचा आग्रह वितरक करतात. अशा वस्तूंनी रोग बरे होतात अशा जाहिरातींवर १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय कायदा लक्ष ठेवून आहे, एवढे विक्रेत्याने ध्यानात ठेवले तरी पुरे.

आणि स्वतःविषयी. पण्यजीवींच्या सदातुरत्वाचे कारण आचार्यांनी फार बसणे व क्रयविक्रयाचा हव्यास हे दिले. आता त्यात रात्री अकराला कराचे विवरणपत्र भरणे आले. नोकराला आठवड्याची सुट्टी देणारा मालक स्वतःला ती देत नाही. दुपारी गिऱ्हाईक विरळ असते तेव्हा तासभर शटर अर्धे ओढून जेवल्याने कोणाचे दुकान बुडाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांची खरी अडचण सुट्टी घेण्याची नसून, सुट्टीत रुग्ण कोणाकडे सोपवायचे ही असते. रुग्ण परत येणार नाही ही भीती कोणी उघड बोलत नाही, पण ती असते. आमच्या तालुक्यात तिघा वैद्यांनी वर्षभरापासून रविवार वाटून घेतले आहेत. ज्याचा रविवार असेल त्याने तिघांचे रुग्ण पाहायचे, चालू चिकित्सा बदलायची नाही, तातडीचे तेवढे करायचे, आणि सोमवारी सकाळी नोंद मूळ वैद्याकडे द्यायची. त्यासाठी रुग्णाचे नाव, चालू कल्प, काय केले आणि काय टाळले एवढ्याच चार रकान्यांची एक वही केली आहे. पहिल्या दोन महिन्यांत शंका-कुशंका झाल्या, एकदा शुल्कावरून बोलाचालीही झाली, आणि मग शुल्क समान केले. पुढील बैठकीस ती वही सोबत आणीन. ज्यांना नमुना हवा त्यांनी पाहून घ्यावा.